शिसवी रेघेचा डोव्हटेल: पेटीच्या कोपऱ्यातली नक्षी हातानं कशी करायची?

पटाशी_सांगली

सागवानी पेटीच्या कोपऱ्यावर डोव्हटेल सांधा (एका फळीच्या टोकाकडे रुंदावणाऱ्या 'शेपट्या' दुसऱ्या फळीच्या 'पिनां'मध्ये अडकतात तो) आहे आणि प्रत्येक शेपटीच्या कडेनं एक बारीक काळी रेघ फिरलीय, असे फोटो हल्ली बरेच दिसतात. खाली लोक विचारतात, "रंगवलीय का?" रंगवलेली नसते. सागवानाच्या शेपटी आणि पिनेच्या मध्ये शिसवीची पट्टी बसवलेली असते, आणि ती फळीच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेली असते. वरून कितीही रंधलं तरी रेघ जात नाही.

हे काम म्हणजे परदेशी जिग (हत्यार ठरल्या वाटेनं नेणारा साचा), राउटरची (खाचा कोरणाऱ्या यंत्राची) दोन-तीन बिटं आणि खर्चाचा डोंगर, असं सगळीकडे वाचायला मिळतं. जिगवर होतं, नाही असं नाही. पण करवत, पटाशी, मार्किंग गेज (कडेपासून ठरल्या अंतरावर रेष मारायचं हत्यार) आणि धारदार चाकू एवढ्यावरही होतं. विश्रामबागेतल्या माझ्या छोट्या शेडमध्ये असंच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज. "रेघ घातली की सांध्यातली फट झाकली जाते" असं अनुभवी मिस्त्रीसुद्धा सांगतात. उलट आहे. साध्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तर भुसा आणि फेविकॉल दाबून निभतं. इथे पट्टीची जाडी ठरलेली असते, त्यामुळे शेजारची फट लगेच उठून दिसते. एकाच कोपऱ्यात रेघ कुठे जाड कुठे बारीक दिसली तर समजायचं की शेपटीची कड सरळ तासलेली नव्हती. ज्याला साधा डोव्हटेल स्वच्छ जमत नाही त्यानं रेघेच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पद्धत. बाजूच्या फळ्या रंधून १२ मिमी, पट्टी १ मिमी, असं धरून चालू.

आधी शेपट्यांची फळी कापायची. उतार सागवानाला १:७ किंवा १:८ पुरतो. १:६ मऊ लाकडाला ठीक, पण सागवानात टोकं जास्त तिरकी गेली की कोपरे उडतात. साध्या सांध्यात मार्किंग गेज समोरच्या फळीच्या जाडीवर, म्हणजे १२ वर लावतो. इथे १३ वर लावायचा, कारण खाचेच्या तळालाही १ मिमी पट्टी बसणार आणि ती बसल्यावर शेपटीची लांबी बरोबर १२ उरणार. लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. पट्टी चिकटवून झाल्यावर शेपटी तोकडी पडलेली लक्षात येते, आणि तेव्हा ती फळी आखूड करण्यावाचून इलाज नसतो.

खाचांची रुंदीही आधीच वाढवून घ्या. तोंडाशी ६ मिमी खाच असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जाऊन पिनेला ४ मिमीच उरतात. मला तोंडाशी ७-८ मिमीची खाच आवडते. पिना फार बारीक असल्या की रेघच पिनेएवढी दिसते आणि सगळी नक्षी गिचमिड होते.

शेपट्यांच्या कडा करवतीवर सोडू नका. पटाशीनं तासून अगदी सपाट आणि फळीच्या दर्शनी बाजूशी काटकोनात आणा. पट्टी उंचवट्यावर वाकत नाही, तिथे मोडते नाहीतर पोकळ बसते.

पट्टीसाठी दुकानातलं व्हिनिअर घ्यायला गेलात तर प्लायवर चिकटवलेला मोठा शीट पुढे करतात. तो उपयोगाचा नाही. कच्चं व्हिनिअर मागा. ते साधारण अर्धा मिमी असतं, म्हणजे दोन थर एकत्र चिकटवावे लागतात. त्यापेक्षा जुन्या शिसवीच्या तुकड्यातून टेबल सॉवर पट्ट्या चिरून, रंधून एकसारख्या केलेल्या बऱ्या. रुंदी फळीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त ठेवायची, १४-१५.

चिकटवताना आधी तळाची पट्टी. खाच तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असते, त्यामुळे ही पट्टी वरून जात नाही, समोरून सरकवायची. मग दोन बाजूंच्या, खालचं टोक किंचित तिरकं कापून तळाच्या पट्टीवर टेकवलेल्या. दाबायला क्लॅम्प पोहोचत नाही. पिनेच्या आकाराचं लाकडी पाचर करा, त्याला सेलोटेप गुंडाळा आणि मोगरीनं हलकेच ठोका. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका दमात दाबल्या जातात, आणि टेपमुळे पाचर चिकटत नाही. टोकाच्या अर्ध्या खाचांना पाचर धरत नाही, तिथे लाकडाचा तुकडा ठेवून साधा क्लॅम्प.

सागवान तेलकट असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवा किंवा पटाशीनं ताजं तासा. आदल्या दिवशी तासलेलं चालत नाही.

सुकल्यावर बाहेर आलेल्या पट्ट्या फळीच्या पातळीवर आणा, पटाशी नेहमी बाहेरून आत. आणि आता, पट्ट्या बसलेल्या या शेपट्या समोरच्या फळीवर ठेवून चाकूनं पिना आखा. पट्टी आधी आणि आखणी नंतर, हा या पद्धतीचा सगळा जीव आहे. पिना पट्टीसकट मापावर येतात, वेगळं गणित करावं लागत नाही.

एक राहिलं. एवढं केल्यावर शेपटीच्या फळीच्या दर्शनी बाजूवर पिनेभोवती तिन्ही बाजूंनी रेघ दिसते. पिनांच्या फळीच्या दर्शनी बाजूवर, जिथे शेपट्यांची टोकं दिसतात, तिथे फक्त दोन उभ्या रेघा येतात. तिथेही तळाची रेघ हवी असेल तर पिनांमधल्या खाचेच्या तळाला पट्टी लावावी लागते आणि त्या फळीचा गेजही शेपटीच्या फळीच्या जाडीपेक्षा १ मिमीनं वाढवावा लागतो. मी लावतो. न लावणाऱ्यांशी भांडण नाही.

कृष्णाकाठची

वाचनखूण साठवली. फोटो मात्र हवेतच हो. मी आत्तापर्यंत फक्त खिळे मारून पक्ष्यांची घरटी केली आहेत. यातलं काय आधी शिकू?

पटाशी_सांगली

ताई, करवत आणि धार. आंब्याच्या किंवा पॅकिंगच्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर नुसत्या तिरक्या रेषा आखायच्या आणि रेषेला लागून कापायचं. रेषा अर्धी उरली पाहिजे. सांधा जोडायचासुद्धा नाही. ते कंटाळा येईपर्यंत झालं की मग साधा डोव्हटेल. पटाशीची धार अशी हवी की रेष्यांना (लाकडाच्या तंतूंना) आडवा कापही चकचकीत निघावा. भुरकट निघाला तर दगडाकडे परत. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, धार फार लवकर जाते. आपली चूक नाही, लाकडाची खोड आहे.

फोटो रविवारी टाकतो.

रंधेवाला_सातारा

धागा आवडला, पण "खर्चाचा डोंगर" हे काही पटलं नाही. दहा-बारा पेट्यांची ऑर्डर असेल तर हातानं पट्ट्या बसवत बसणं परवडत नाही. आमच्याकडे एमआयडीसीत एका मित्राच्या वर्कशॉपवर राउटरनं करतो. पद्धत वेगळी आहे, ती लिहितो.

पहिल्यांदा शेपट्यांच्या फळीत १२.७ मिमीच्या डोव्हटेल बिटानं खाचा. त्यात बसतील अशा पिना जिगवर शिसवीच्या तुकड्याला काढायच्या, तो तुकडा चिकटवायचा, आणि सुकल्यावर दोन्ही बाजूंनी फळीबरोबर कापून टाकायचा. आता खाचा शिसवीनं भरल्या. मग त्याच मध्यावर ९.५ मिमीच्या बिटानं परत खाच. मधली शिसवी निघून जाते, कडेची रेघ राहते. (१२.७ − ९.५) ÷ २, म्हणजे १.६ मिमीची. तळालाही तेवढीच रेघ हवी म्हणून दुसऱ्या वेळी बिट १.६ नं कमी खोल. झालं.

दोन सूचना. दोन्ही बिटांचा कोन एकच घ्या. मोठं १४ अंशाचं आणि लहान ८ अंशाचं घेतलंत तर रेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होते. आणि बिट ज्या बाजूनं बाहेर पडतं तिथे टाकाऊ फळीचा तुकडा टेकवाच. या भरणीचे रेषे फळीच्या जाडीतून जातात, त्यामुळे ती बारीक भिंत आधाराशिवाय फुटते.

भूमितीचा_मास्तर

सुतारकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण वरचं गणित थोडं चुकतंय. डोव्हटेल बिट तळाशी रुंद आणि वर निमुळतं असतं. दुसरं बिट १.६ नं वर उचललंत की त्याचा रुंद भाग पहिल्या खाचेच्या जरा अरुंद भागात येतो. ८ अंशाचा टॅन साधारण ०.१४. म्हणजे बाजूची रेघ १.६ − (१.६ × ०.१४), सुमारे १.३८. तळाला १.६ आणि बाजूला १.३८. डोळ्याला दिसणार.

बिट १.४ नं उचला. मग बाजूला १.६ − ०.२ = १.४ आणि तळालाही १.४.

रंधेवाला_सातारा

मास्तर, साष्टांग नमस्कार. तळाची रेघ नेहमी ठसठशीत का येते याचं कारण मी आजवर गोंदात शोधत होतो.

पटाशी_सांगली

मास्तरांचं उत्तर मूळ लेखाला जोडून ठेवायला हवं.

रंधेवाला, ऑर्डरचं म्हणणं मान्य. पण राउटरच्या रेघेत एक अडचण आहे. खाचेचं तोंड बिटाच्या दांड्यापेक्षा अरुंद करता येत नाही, आणि पिना सगळ्या एका साच्याच्या येतात. हातानं मी कोपऱ्याकडे पिना जवळजवळ आणि मधे विरळ ठेवू शकतो. जुन्या पेट्यांत असंच असायचं, कारण फळीची कड आधी उघडते. दिसायलाही तेच डौलदार.

थेट_प्रश्न

सरळ विचारतो, राग नको. ५ मिमी खोबण सीएनसीनं (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रानं) मारून त्यात काळी पट्टी दाबली तर कोणाला कळणार आहे? गिऱ्हाईक काय भिंग घेऊन येतं का?

पटाशी_सांगली

राग कशाला. गिऱ्हाईकाला कळणार नाही, हे खरंच आहे. पण मग त्याला डोव्हटेल म्हणून विकू नका. काटकोपरा (फळ्यांची टोकं ४५ अंशात कापून जुळवलेला कोपरा) गोंदानं जोडून त्यात आरपार खाचा मारायच्या आणि वेगळ्या लाकडाच्या डोव्हटेल आकाराच्या चाव्या सरकवायच्या, हा एक प्रामाणिक सोपा मार्ग आहे. दिसतोही छान, आणि नुसत्या काटकोपऱ्यापेक्षा कितीतरी मजबूत. नवशिक्यांनी तोच धरावा. वरवर कोरलेली रेघ मात्र पेटी पडली की उघडी पडते.

मिरजेचा_पाहुणा

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या असलंच काम चालतंय. सतार, तंबोरा तुणीच्या लाकडाचा न् भोपळ्याचा, आणि त्यावर कडेनं पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी. पूर्वी हस्तिदंत असायचा, आता प्लॅस्टिक. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला ते वाचलंच असेल सगळ्यांनी.

मुद्दा असा की तिथल्या जुन्या कारागिराला विचारा पट्टी कशी दाबायची ते. पट्टीवर दोरी गुंडाळून आवळणं हे क्लॅम्पपेक्षा लई सोपं. आणि गोंद म्हणाल तर सरस. गरम सरस लावला की पट्टी लगेच धरते, आणि चुकून वाकडी बसली तर वाफ दाखवून काढता येते. तुमचा फेविकॉल एकदा धरला की धरला.

अवांतर: नक्षीचं काम बघायचं असलं तर वाद्य विकत घेतलंच पाहिजे असं नाय, दुकानात चहासुद्धा पाजतात.

पटाशी_सांगली

सरसाचं सोळा आणे खरं. पण सांगलीच्या पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि बुरशीही धरतो. वाद्य जपून ठेवलं जातं, पेटी कपाटावर धूळ खात पडते. आणि २०१९ च्या पुरानंतर मी पाणी सोसणाऱ्या गोंदाच्या बाजूचा झालो. फेविकॉल मरीन वापरतो. पट्टी वाकडी बसू नये म्हणून आधी कोरडी बसवून बघायची.

कृष्णाकाठची

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्याकडची आजीची पेटी जुलैत उघडत नाही आणि एप्रिलमध्ये तिचं झाकण खुळखुळतं. या रेघेच्या पेटीचं असं होणार नाही का? रेघ सुटली तर?

पटाशी_सांगली

फार चांगला प्रश्न. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली की लाकडातलं पाणी १५-१६ टक्क्यांवर जाऊन बसतं, उन्हाळ्यात ते ७-८ वर येतं. या फरकानं आडव्या कापाची (वलयं रुंद बाजूला समांतर असलेली) सागवानी फळी रुंदीत साधारण दीड टक्का हलते. म्हणजे १५० मिमी उंचीच्या पेटीची उंचीच दोन मिमीहून जास्त कमी-जास्त होते. उभ्या कापाची (वलयं रुंद बाजूला काटकोनात असलेली) फळी घेतलीत तर त्याच्या निम्म्याहून कमी.

पण चारही बाजूंचे रेषे पेटीभोवती आडवे फिरतात, त्यामुळे चौघी एकदमच वर-खाली होतात, आणि सांध्यावर त्यातून ताण येत नाही. सागवान आणि शिसवीचं आकुंचनही जवळपास सारखंच, ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत आडव्या कापात साधारण ६ टक्के. जोडी जमते ती नुसती रंगामुळे नाही.

जे होतं ते असं: फळी जाडीतही आखडते, पण पिनेची लांबी रेष्यांच्या दिशेनं असल्यानं ती हलत नाही. म्हणून एप्रिलमध्ये कोपऱ्यावर बोट फिरवलं तर पिना कणभर वर आलेल्या लागतात. १२ मिमी फळीला हे जेमतेम ०.२ मिमी. दोष नाही तो. पावसाळ्यात पुन्हा आत जातात. त्यावर पॉलिश पेपर मारत बसू नका, नाहीतर जुलैत खड्डे दिसतील.

आजीच्या झाकणाचं कारण वेगळं. अखंड फळीचं झाकण चौकटीत घट्ट बसवलं असणार. झाकण आणि तळ खोबणीत मोकळे सोडायचे, गोंद अजिबात नाही. तळाला ६ मिमी प्लाय लावला तर हा प्रश्नच मिटतो. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं, तळ कोण बघतो?

रानवाटा

शिसवी कुठून आणता? डालबर्जिया, म्हणजे शिसवीची जवळपास सगळी प्रजाती, २०१७ पासून साइट्सच्या (संकटातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, तेव्हा भाच्याला अमेरिकेत पेटी पाठवायची असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा. आणि बांधावरचं झाड परस्पर तोडून आणणाऱ्यांसाठी: राज्याच्या १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, हळदू सगळे आहेत. मालकीच्या जमिनीतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पटाशी_सांगली

नवं लाकूड मी घेतच नाही. सांगली-साताऱ्याकडचे जुने वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, चौकटी, कपाटं निघतात. मोडक्या शिसवी खुर्चीच्या एका पायात कित्येक पेट्यांच्या रेघा निघतात. जुनं लाकूड मुरलेलं असतं हा फायदा आणि खिळे असतात हा तोटा. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवा. शिसवी चिरताना मास्क बांधा, तिचा भुसा काहींच्या अंगावर उठतो.

रानवाटा

काळ्या लाकडात पांढरी रेघ हवी असेल तर? शिवण घेऊ की फणस?

पटाशी_सांगली

शिवण. फणस कापल्या कापल्या पिवळाधमक दिसतो, पण उजेडात राहून तांबूस तपकिरी होतो. सागवानात फणसाची रेघ तर काही काळानं शोधावी लागते. हळदूचाही पिवळा रंग निवतो. रंगावर जाऊ नका, फिक्या-गडदाचा फरक बघा. मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढायचा, त्यात रेघ वेगळी दिसली तर ती टिकते.

पण शिवण आणि शिसवी एकत्र असतील तर पॉलिश सांभाळून. चपड्याच्या पॉलिशमधल्या स्पिरिटनं शिसवीचा जांभळट रंग सुटतो आणि बोळ्याबरोबर पांढऱ्या लाकडावर पसरतो. पहिले दोन हात ब्रशनं, रेघेच्या दिशेनं, अगदी पातळ द्यायचे. ते सुकून थर बंद झाला की मग बोळा. तेच भुशाचं. सँड पेपरनं काळा भुसा फिक्या लाकडाच्या रंध्रांत बसतो तो निघत नाही. स्टीलच्या पातळ पत्र्याचा स्क्रेपर वापरा.

थेट_प्रश्न

बरं, चाव्यांच्या सांध्याची पेटी करायला घेतली आहे, तुमच्या प्रामाणिक मार्गानं. पुढे रेघेचंही बघू. झाकण वेगळं करायचं की बंद पेटी करून मग कापायचं?

पटाशी_सांगली

बंद करून कापायचं. वेगळं केलं तर रेषे जुळत नाहीत. मात्र आखतानाच कापाची जागा सोडा. करवतीचं पातं आणि नंतरचं रंधणं मिळून ३ मिमीच्या आसपास लाकूड जातं. जिथून कापणार ती शेपटी तेवढी रुंद आखायची, म्हणजे पेटी बंद झाल्यावर ती बाकीच्यांएवढी दिसते. काप नेहमी शेपटीच्या मध्यातून न्या. रेघेवरून किंवा रेघेला लागून गेलात तर पट्टीचा उरलेला कपचा रंध्याखाली उडतो. तुमच्या चाव्यांनाही हेच, दोन चाव्यांच्या मधून काप.

चारही बाजू एकदम आरपार कापू नका. लांब बाजू आधी, मग आखूड बाजूंना एखादा मिमी शिल्लक ठेवून उरलेलं हातकरवतीनं. नाहीतर शेवटच्या क्षणी झाकण खाली बसून पातं पकडतं.

रंधेवाला_सातारा

कापलेल्या फटीत पात्याच्या जाडीच्या पाचरी ठेवून टेपनं आवळलं तर शिल्लक ठेवायची गरज पडत नाही. बिजागरं कुठली घेता? इकडे मिळतात ती पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी असतात.

पटाशी_सांगली

पाचरीचं करून बघतो. बिजागरं जुन्या बाजारातली भरीव पितळी. स्क्रू मात्र आधी त्याच मापाचा लोखंडी पिळून भोक तयार करायचं, मग पितळी. सागवानात पितळी स्क्रूची मान सरळ तुटते, आणि तुटलेला काढायला गेलं की शेजारची रेघ जाते.